आठास आठ हरकती, तरीही सात युरोपियन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर तिला फौजदारी खटल्याच्या ज्युरीसाठी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटासाठी, बोलावणं आलं. दिवसभर बसवून ठेवलं, चार-दोन प्रश्न विचारले आणि एका बाजूच्या वकिलाने कारण न सांगता तिला घरी पाठवलं. तिला ते लागलं. वडील विचारतात: असं कारण न देता काढता येतं का? आपल्याकडे ज्युरी होती तेव्हाही हेच चालायचं का? आणि टिळकांच्या खटल्यात ज्युरी मुद्दाम युरोपियन बसवली असं शाळेत ऐकलं होतं, त्यावर हायकोर्टाने काही निर्णय दिला होता का?

मी मुंबईत चौतीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. माझ्या सनदेच्या आधीच ज्युरी संपली होती, त्यामुळे स्वतः एकही खटला ज्युरीपुढे चालवलेला नाही. पण माझे सीनियर पन्नासच्या दशकात सेशन्समध्ये ज्युनियर होते आणि दुपारच्या चहाला दुसरा विषय नसायचा. त्यांचं एक वाक्य कायम असे: "साक्षीदार नंतर बघू, आधी पेटीत कोण बसलंय ते सांग." पेटी म्हणजे ज्युरीची बाकं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकी दोन्ही त्यातच येतात.

टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात अटक झाली. 'केसरी'तले दोन अग्रलेख कारणीभूत होते: १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. कलमं १२४-अ (राजद्रोह) आणि १५३-अ (समाजांत वैर पसरवणं). आता एक गोष्ट बघा. 'केसरी' पुण्याचा, छापखाना पुण्याचा, संपादक पुण्याचे. पण अंक मुंबईतही विकला जायचा, म्हणून खटला मुंबईत. चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने तो हायकोर्टाच्या स्वतःच्या फौजदारी सेशन्सकडे कमिट केला, म्हणजे सोपवला. वाचणाऱ्याला हे तांत्रिक वाटेल. आम्हा वकिलांना इथेच पहिला ठोका ऐकू येतो, कारण कोर्ट बदललं की ज्युरीची यादी बदलते.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम होतं, २७५. सत्र न्यायालयात ज्युरीपुढे खटला चालत असेल आणि आरोपी युरोपियन किंवा अमेरिकन नसेल, तर त्याने मागणी केल्यास ज्युरीतले बहुसंख्य लोक बिगर-युरोपियन असले पाहिजेत. वाचायला छान. पण हे सत्र न्यायालयापुरतं होतं, हायकोर्टाला लागू नव्हतं. उलट आरोपी युरोपियन ब्रिटिश प्रजाजन असेल तर मिश्र ज्युरी मागण्याची सोय त्याला हायकोर्टातही होती, निम्म्याहून कमी युरोपियन चालायचे नाहीत. म्हणजे फोर्टातल्या कुणा साहेबाने खून केला तर त्याला आपली माणसं पेटीत हवीत हे कायद्याला कळत होतं. पुण्याच्या संपादकाला तीच गरज असू शकते हे मात्र हायकोर्टाच्या दारात आल्यावर कळेनासं व्हायचं.

तरीही साधी ज्युरी मिळाली असती तर काही हिंदू, काही मुसलमान, काही पारशी, काही मराठी जाणणारे येण्याची शक्यता होती. म्हणून सरकारपक्षाने 'स्पेशल ज्युरी'साठी अर्ज केला. हाच तो निर्णय, जो तुम्ही विचारताय. जुलै १९०८च्या पहिल्या आठवड्यात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे त्यावर वाद झाला. टिळकांतर्फे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा उभे राहिले. त्यांचा मुद्दा कुठल्याही मराठी माणसाला एका वाक्यात पटेल असा होता. लेख मराठीत, वाचक मराठी, लेखाचा परिणाम झालाच असेल तर मराठी मनावर. आणि स्पेशल ज्युरीत भरणा होणार तो मराठी न कळणाऱ्या युरोपियनांचा. दावर यांनी सरकारचा अर्ज मंजूर केला. मला विचाराल तर टिळकांचा खटला २२ जुलैला रात्री संपला असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यातला निम्मा त्या अर्जाच्या दिवशीच संपला होता.

हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. १९०८ मध्ये जज्जाच्या खुर्चीवरून त्यांनी टिळकांचा जामीन नाकारला. तो अर्ज चालवला होता बॅरिस्टर जीनांनी. बार रूममध्ये हा किस्सा अजून सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक वेळी मान हलवतो.

आता स्पेशल ज्युरी म्हणजे काय, हे जरा सावकाश बघू, कारण इथे बहुतेक लोक फसतात. लोकांना वाटतं, सरकारने नऊ माणसं हाताने उचलून बसवली. तसं नव्हतं. निवड चिठ्ठ्यांनीच व्हायची. भर कोर्टात नाव काढायचं, मोठ्याने पुकारायचं, आरोपीला विचारायचं: हरकत आहे का? कायदा अगदी नीटनेटका होता. प्रश्न चिठ्ठी काढण्याचा नव्हताच. डब्यात चिठ्ठ्या कुणाच्या टाकल्या, हा होता. स्पेशल ज्युररांची यादी क्लर्क ऑफ द क्राउन हा हायकोर्टाचा अधिकारी तयार करायचा आणि ती करताना माणसाची संपत्ती, चारित्र्य आणि शिक्षण बघावं असं कायदा सांगायचा. १९०८च्या मुंबईत या तीन शब्दांच्या चाळणीतून कोण खाली पडणार आणि कोण वर राहणार? गिरगावातला शाळामास्तर, ज्याने दोन्ही लेख दोनदा वाचले असतील, तो खाली. बॅलार्ड इस्टेट अजून बांधली जायची होती, पण फोर्टातल्या पेढ्यांचे मॅनेजर, बँकांचे एजंट, जहाज कंपन्यांचे साहेब वर. त्यात 'शिक्षण' हा शब्द फार मजेशीर. इंग्रजीचं शिक्षण मोजलं जायचं, ज्या भाषेत गुन्हा घडला म्हणतात त्या भाषेचं नाही.

हरकतींचे दोन प्रकार असत. एक, कारण सांगून घ्यायची. त्याची कारणं कायद्यात दिलेली होती: ज्युरर पक्षपाती आहे, वयात बसत नाही, पोलिसी काम करतो, साक्ष ज्या भाषेत होते किंवा ज्या भाषेत भाषांतर करून सांगितली जाते ती त्याला कळत नाही, वगैरे. भाषेचं कारण वाचून तुम्ही म्हणाल, मग टिळकांनी तेच का नाही वापरलं? शब्द पुन्हा वाचा. 'किंवा भाषांतर करून सांगितली जाते.' कोर्टाच्या भाषांतरकाराने लेखांचं इंग्रजी केलं, ते ज्युरीपुढे ठेवलं, ज्युरीला इंग्रजी येतं, संपला विषय. हरकत घेतली तरी त्यावरचा कोर्टाचा निर्णय अंतिम, तोही कायद्यातच लिहिलेला.

यामुळे खटल्याचं रूप विचित्र झालं. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तास दहा मिनिटं बोलले. त्यातला आणि उलटतपासातला मोठा भाग मराठी शब्दांचं इंग्रजी बरोबर झालंय का, या वादात गेला. हे डोळ्यांसमोर आणून बघा. 'माथेफिरू' हा एक शब्द घ्या. आपण तो घरातल्या हट्टी पोरालाही वापरतो, रस्त्यावर दगड मारणाऱ्यालाही आणि खऱ्या अर्थाने डोकं फिरलेल्यालाही. त्यात चीड असते, थोडी कीव असते, कधीकधी नकळत कौतुकाची छटा असते. मराठी ज्युरर वाक्य वाचताना यातली कुठली छटा आहे ते आपोआप धरतो. इंग्रज ज्युररला मात्र भाषांतरकाराने चारपैकी जो एक शब्द निवडला, तेवढाच दिसतो. मग आरोपीला उभं राहून व्याकरण, म्हणी, पुराणकथा समजावत बसावं लागतं, तेही अशा माणसांना की ज्यांना संध्याकाळी क्लबात जायचं आहे. जो मुद्दा नऊ मराठी माणसांपुढे दोन मिनिटांत संपला असता, त्यासाठी तास गेले.

आता येतो तुमच्या मुलीच्या प्रश्नावर. दुसरा प्रकार होता बिनकारणाच्या हरकतींचा. हायकोर्टात सरकारला आठ आणि आरोपीला आठ. कारण सांगायचं नाही, फक्त 'हरकत' म्हणायचं, माणूस उठून जातो. तेव्हा हो, आपल्याकडेही हेच होतं. इंग्रजांनी आणलं, अमेरिकेनेही त्यांच्याकडूनच घेतलं.

आठास आठ. दिसायला केवढा न्याय! माझे सीनियर यावर चहाच्या बशीत साखरेचे दाणे मांडून दाखवायचे, तेच गणित मी मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, त्या दिवशीच्या डब्यातले नव्हेत. समजा चाळीस चिठ्ठ्या आहेत, तीस युरोपियनांच्या, दहा हिंदी लोकांच्या. आरोपीने आपल्या आठही हरकती युरोपियनांवर खर्च केल्या: तिसाचे बावीस झाले. नऊ जागा भरायला बावीस भरपूर. सरकारने आठ हरकती हिंदी लोकांवर खर्च केल्या: दहाचे दोन उरले. दोघांनी तेवढाच दगड मारला. एकाचा डोंगरावर पडला, दुसऱ्याचा मडक्यावर. ज्याची माणसं यादीत मुळात थोडी, त्याच्यासाठी समान हरकती म्हणजे जवळपास काहीच नाही. यात कुणी कायदा मोडलेला नसतो, ही त्यातली खरी गंमत.

प्रत्यक्षात बसलेल्या नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. २२ जुलैला रात्री आठच्या सुमारास ज्युरी विचार करायला आत गेली, सव्वा तासाने परतली. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. ते दोन कोण हे ज्युरीने सांगायचं नसतं, पण दोन पारशी असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. हायकोर्टात नऊपैकी सहा जणांचं एकमत झालं आणि जज्ज त्यांच्याशी सहमत असला की निकाल पक्का. म्हणजे सात-दोनमधल्या 'दोन'ला किंमत शून्य. यादी, हरकती आणि सहाचा नियम, हे तीन खिळे एकत्र ठोकले की पेटी बंद. १८९७च्या खटल्यात याच गणिताने सहा विरुद्ध तीन झालं होतं. तेव्हा ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. आकड्यांचं हे जुळणं बघून कुणी 'मुद्दाम बसवली' म्हटलं तर मी वाद घालत नाही, फक्त इतकंच म्हणतो की मुद्दाम बसवायची गरजच पडली नाही.

निकालानंतर टिळक जे बोलले, ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे आणि माणसांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर याहून वरची सत्ता आहे, ते आज हायकोर्टात कोर्टरूम क्रमांक ४६च्या बाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याचं अनावरण केलं. ज्युनियर मुलं तिथे फोटो काढतात. ज्युरीच्या निकालाला 'चुकीचा' म्हणणारी पाटी त्याच कोर्टाच्या भिंतीवर असणं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. शिक्षा झाली सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंड. मंडालेचं सगळ्यांना माहीत आहे, गिरणी कामगारांचा संपही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, जाऊन उपयोग झाला नाही.

इथे कुणीतरी नानावटी, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला, काढणारच, म्हणून दोन ओळी. नानावटी खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, हे अर्धसत्य आहे. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदाव्या अहवालात ज्युरी रद्द करा असं १९५८ सालीच सांगितलं होतं. नानावटींनी गोळ्या झाडल्या त्या एप्रिल १९५९ मध्ये. तो खटला सेशन्स कोर्टात होता. तिथे ज्युरीचा आठ विरुद्ध एक 'निर्दोष' निकाल जज्जांना पटला नाही आणि त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने १९६० मध्ये दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते कायम केलं. ज्युरी कायद्याच्या पुस्तकातून गेली ती १९७३च्या नव्या संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. माझे सीनियर नानावटीबद्दल बोलताना निवडीचा मुद्दा काढत. यादी कितीही चांगली करा, ज्युरर रात्री घरी जाऊन वर्तमानपत्र वाचणार असेल आणि वर्तमानपत्र रोज एका बाजूची जाहिरात करत असेल, तर हरकत कुणावर घेणार?

आता अमेरिका. तिथे बिनकारणाची हरकत अजून जिवंत आहे आणि साखरेच्या दाण्यांचं गणित तिथे काळ्या नागरिकांच्या बाबतीत शंभर वर्षं चाललं. गोऱ्यांची संख्या जास्त असलेल्या काउंटीत सरकारी वकिलाने चार हरकती वापरल्या की चारही काळे ज्युरर घरी. केंटकीतल्या बॅटसनच्या खटल्यात नेमकं हेच झालं, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वंशावरून हरकत घेता येणार नाही. बचावपक्षाने संशय दाखवला की सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं आणि ते खरं आहे का ते जज्जाने ठरवायचं. म्हणजे बिनकारणाच्या हरकतीला कारण मागायचं! त्याच निकालात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लिहून ठेवलं होतं की याने काही होणार नाही, असल्या हरकतीच बंद करा.

मार्शलना वकील कळत होते. कारण शोधणं हा आमचा धंदाच आहे. 'तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही', 'तो फार तरुण वाटला', 'ती समाजसेविका आहे', काहीही चालतं. जॉर्जियातल्या फोस्टर खटल्याची कागदपत्रं माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली वर्षांनी बाहेर आली, तेव्हा सरकारी वकिलांच्या फाइलीत ज्युररांची यादी सापडली. काळ्या ज्युररांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, कोपऱ्यात हिरव्या रंगाचा अर्थ लिहिलेला, नावांपुढे इंग्रजी 'बी' अक्षर. कोर्टात मात्र प्रत्येकासाठी वेगवेगळी सभ्य कारणं दिलेली होती. खटला १९८७चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१६चा. त्या हायलायटरचा न्याय व्हायला एकोणतीस वर्षं लागली. आमच्या क्लर्क ऑफ द क्राउनला असलं काही करावं लागलं नाही. त्याच्या यादीचा निकषच हायलायटरचं काम करत होता.

तुमची मुलगी न्यू जर्सीत आहे म्हणून तिथला एक निकाल मुद्दाम सांगतो, तिने जरूर वाचावा. स्टेट विरुद्ध अंदुहार, न्यू जर्सीचं सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२१. ज्युरी निवडताना नूअर्कमध्ये वाढलेला एक काळा माणूस समोर आला. निकालात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, एफ. जी. तो ज्या वस्तीत वाढला तिथे गुन्ह्याचे बळी ठरलेले लोक त्याच्या ओळखीचे होते, अटक झालेले होते आणि पोलिसात असलेलेही होते. त्याने सगळं सरळ सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, याच्या ओळखी फार, भाषाही रस्त्यावरची, याला काढा. जज्जाने नाही म्हटलं: माणूस निष्पक्ष राहू शकेल असं मला दिसतंय. इथपर्यंत रोजचंच. पुढे सरकारपक्षाने काय केलं, तर न सांगता त्या एकट्याचीच पोलीस नोंद तपासली, एका किरकोळ जुन्या प्रकरणातलं वॉरंट सापडलं, आणि ज्युरीसाठी आलेल्या माणसाला अटक केली. ज्युरीतून नाव आपोआप गेलं.

न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवून नव्याने खटला चालवण्याचा अपील कोर्टाचा निर्णय कायम केला. महत्त्वाचं असं की सरकारी वकिलाच्या मनात उघड द्वेष होता असं सिद्ध करायची गरज नाही असं म्हटलं. नकळत असलेला पूर्वग्रहही तितकाच घातक धरला. शिवाय यापुढे कुठल्याही बाजूने ज्युररची पोलीस नोंद तपासायची तर ठोस कारण हवं, समोरच्याला कळवायला हवं आणि कोर्टाची परवानगी हवी, असा नियम घातला. त्यातूनच निवडीच्या पद्धतीचा मोठा फेरविचार झाला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून नवा नियम लागू झाला. त्यात बिनकारणाच्या हरकतीमागे जात, वंश, धर्म, लिंग असं काही असल्याचं बाहेरून बघणाऱ्या समंजस माणसाला वाटेल का, हे तपासलं जातं.

एफ. जी.ची गोष्ट वाचताना मला दरवेळी गिरगावचा तो शाळामास्तर आठवतो. दोघांनाही नेमकं तेच कळत होतं जे त्या खटल्यात कळायला हवं होतं. एकाला भाषा कळत होती, दुसऱ्याला वस्ती. आणि दोघंही त्याच कारणाने बाहेर.

इतर देशांनी काय केलं ते पटकन. इंग्लंडने १९८८च्या कायद्याने बिनकारणाच्या हरकतीच काढून टाकल्या. कॅनडाने २०१९ मध्ये, एका आदिवासी तरुणाच्या हत्येच्या खटल्यात दिसायला आदिवासी असलेला प्रत्येक ज्युरर बचावपक्षाने काढला आणि आरोपी सुटला त्यानंतर. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. ॲरिझोनाने २०२२ पासून. आणि सहाच्या नियमाचं म्हणाल तर, अमेरिकेत २०२० पर्यंत लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत बारापैकी दहा जणांच्या मतावर शिक्षा होऊ शकायची. रामोस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही बंद केलं आणि लुइझियानाचा नियम मुळात काळ्या ज्युररांचं मत निकामी करायलाच आणला गेला होता, हे स्पष्ट लिहिलं. आज न्यू जर्सीत सात विरुद्ध दोनसारख्या फुटलेल्या ज्युरीवर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. सगळ्यांचं एकमत लागतं.

बचावाचा वकील म्हणून एक कबुली देतो. बिनकारणाची हरकत पूर्ण काढून टाकणं मला जड जातं. कधीकधी समोरचा माणूस तोंडाने 'मी निष्पक्ष आहे' म्हणतो आणि आरोपीकडे ज्या नजरेने बघतो त्यावरून तुम्हाला कळतं की संपलं. ही नजर कारण म्हणून कागदावर लिहिता येत नाही. इंग्लंडातल्या वकिलांना ती सोय आता नाही. पण वरचं गणित समोर ठेवलं की माझा हा हट्ट ज्याची माणसं यादीत भरपूर आहेत अशाच अशिलाच्या कामाचा आहे, हेही दिसतं. सीनियर जिवंत असते तर यावर भांडण झालं असतं.

ही हरकत भारतातून गेली असं तुम्हाला वाटत असेल तर मुंबई हायकोर्टातच तिचा एक अवशेष आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६. पारशी मॅट्रिमोनियल कोर्टात जज्जांबरोबर समाजातून नेमलेले पाच डेलिगेट बसतात, पूर्वी सात असत. निवडीआधी प्रत्येक बाजूला कुठल्याही दोन डेलिगेटना कारण न सांगता नाकारता येतं. मी एकदा एका मित्राच्या केसला मागच्या बाकावर बसलो होतो. वयस्कर, इस्त्रीच्या कपड्यातले डेलिगेट ओळीत बसलेले, आणि पक्षकार नवरा वकिलाच्या कानात काहीतरी सांगतोय. वकील उठले, एक नाव घेतलं. तो डेलिगेट छत्री उचलून शांतपणे बाहेर गेला. समाज छोटा, सगळे एकमेकांना ओळखणारे. बहुधा नवऱ्याच्या मावशीच्या शेजारी राहत असेल. त्याचा अपमान झाला असं त्याच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटलं नाही.

मुलीला हे सांगा. कारण न देता तिला काढता येतं, आणि तिने कारण विचारलं तर सांगायला कुणी बांधील नाही. बहुतेक वेळा कारण फालतू असतं: तिचा पेशा, नवऱ्याचा पेशा, तिच्या घरी कधी चोरी झाली होती का याचं उत्तर. ती विमा कंपनीत किंवा औषध कंपनीत असेल तर वकील आपल्या केसच्या हिशेबाने आडाखा बांधतो, दुसरं काही नाही. पण ती भारतीय दिसते म्हणून काढलं, असा संशय समोरच्या वकिलाला आला असता तर त्याने तिथल्या तिथे जज्जाकडे तक्रार केली असती आणि मग कारण द्यावंच लागलं असतं. ते सगळं बाजूला, तिच्या कानावर न पडता होतं. तिला खरंच खटकत असेल तर एवढं आठवून बघू द्या: तिच्यासारखे दिसणारे अजून किती जण त्या खोलीत होते, आणि संध्याकाळी त्यातले किती बाकावर उरले होते.

पुढचं बोलावणं आलं तर उत्तरं सरळ द्यावीत, सुटण्यासाठी किंवा राहण्यासाठी वाकवू नयेत. इंग्रजी उच्चारांवरून कुणी समजत नसल्यासारखं वागलं तर जज्जाकडे बघून पुन्हा सांगावं. आणि बरोबर एक पुस्तक न्यावं, दिवस मोठा असतो.